मोऱ्याच्या घरातला फोन

बेलापूरच्या ऑफिसात तेव्हा आम्ही ग्राहकांच्या नोंदींसाठी वेब सर्व्हिस लिहीत होतो. एखाद्याने नुसता नवा पत्ता पाठवला, तर बाकीच्या रकान्यांचं काय करायचं, यावरून माझं आणि साहेबांचं चांगलंच वाजलं. ते म्हणायचे, जे आलं नाही ते कोरं समज. मी म्हणायचे, जे आलं नाही त्याला हातच लावायचा नाही. पुसायचं असेल तर तसं स्पष्ट कळवू दे. "एवढ्याशा गोष्टीवर काय हटून बसलीस?" ते वैतागले. आमच्या घरचं त्यांना कुठे ठाऊक!

बाबा मालवाहू जहाजावर खलाशी होते. एका परदेशी बंदरात उतरले ते परत चढलेच नाहीत, एवढंच आम्हाला कळलं. मी तेव्हा कॉलेजात होते. काही वर्षांनी मावशी आईला समजवायला लागली, "आता तरी बांगड्या उतरव." आई मासळी साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "निरोप नाय आला म्हंजे वाईट निरोप आला, असं कोनी सांगलं तुला?" मावशीने तो विषय पुन्हा काढला नाही.

साहेब शेवटी नमले. त्याच सुमारास मी आईला सुकापूरला माझ्या फ्लॅटवर आणलं आणि मोरा बंदरावरच्या आमच्या घराला कुलूप लागलं. रेशनकार्ड, बँक, सगळीकडे पत्ता बदलायचा होता. "पत्ता बदल," आई म्हणाली, "पन तिथला फोन ऱ्हाऊ दे. त्यांना तोच नंबर पाठ हाय." मी फोन ठेवला. म्हणणारे खुळी म्हणोत, मलाही बाबा हवे होते.

कधी दुपारी ऑफिसातून मी तो नंबर लावायचे. रिंग वाजत राहायची आणि मला ते घर दिसायचं, फोनवरचा क्रोशाचा रुमाल, खिडकीतून दिसणारी मुंबईची लाँच. कोणी उचलणार नाही हे माहीत असूनही बरं वाटायचं.

एका रविवारी फ्लॅटवरूनच लावला, तर एंगेज. पुन्हा लावला. एंगेजच. मोऱ्याच्या घराची एक किल्ली बाबांकडे होती. "आई!" ओरडत मी गॅलरीत धावले.

आई कठड्याला टेकून उभी होती, मोबाईल कानाला लावून. तिने मला हातानेच गप्प केलं.

"वाजतोय अजून," ती म्हणाली.