वरच्या सामानाचा भाव

आमच्या ह्यांना एकच डोळा होता. डावा डोळा गाडी यायच्या कितीतरी आधी गेला होता. लेथवर काम करताना लोखंडाचा कीस उडाला आणि खेळ संपला. त्यानंतर ह्यांनी भोसरीत स्वतःचं शेड काढलं. बुकिंग करून वाट बघण्याचाही कंटाळा आल्यावर एकदाची नवी गाडी दारात आली, तेव्हा ती चालवायलाही हेच बसले. ड्रायव्हर ठेवा म्हटलं तर म्हणाले, "एका डोळ्याने मी केसाएवढा फरक पकडतो, मला रस्त्यावरचा ट्रक दिसणार नाही होय?"

शिफ्ट सुटली की नाशिक रस्त्यावर सायकलवाल्यांचा लोंढा यायचा, आणि ह्यांना डावीकडचं काही दिसायचं नाही. मी सीटची कड धरून "सायकल, सायकल" ओरडायची. म्हणून डावीकडे आरसा लावून घ्या म्हटलं. आमच्या गाडीला तो कंपनीकडून नव्हता, वेगळा बसवावा लागला. मग धुक्यासाठी पिवळे दिवे आले, मोठा हॉर्न आला. रेडिओ तेवढा ह्यांच्या हौसेचा. मी भीतीपोटी मागायची आणि हे व्यवहाराचं कारण देऊन आणायचे. "वाया जात नाही गं. विकताना सगळं वसूल होतं." शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही हे वाक्य पाठ झालं होतं.

शेवटी मी पुढच्या गार्डचा हट्ट धरला. तो ह्यांनी बाजारातून आणला नाही. जाड पाइप वाकवून शेडमध्येच केला. बोल्ट ढिले होतात म्हणून थेट चॅसीला वेल्डिंग मारलं. मला म्हणाले, "आता म्हैस आडवी आली तर म्हैसच माफी मागेल." त्या दिवसापासून मी गाडीत जरा टेकून बसू लागले.

मग एका सकाळी चहा घेताना हे म्हणाले, उजव्या डोळ्यात खालून काहीतरी काळं वर येतंय. पुण्याच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, डोळ्याचा पडदा सुटत चाललाय, मुंबईला जाऊन लगेच ऑपरेशन करा. तोवर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोक्याला धक्का बसू द्यायचा नाही. मी इतकी घाबरले होते की ह्यांना धड शिंकूसुद्धा देत नव्हते. ऑपरेशनसाठी विकता येईल अशी एकच गोष्ट आमच्याकडे होती.

गिऱ्हाईक मिळालं ते चाकणचे कांद्या-बटाट्याचे व्यापारी. ते शेडवर आले नेमके गुरुवारी. गुरुवारी आमच्या वसाहतीत सुट्टी असायची, कामगार घरी आणि वीजही बंद. ते यायच्या आधी ह्यांनी मला बजावलं, "डोळ्याचं अवाक्षर काढू नकोस. आपली गरज कळली की भाव पडतो."

ह्यांनी एकेक वस्तू कौतुकाने दाखवली. रेडिओ लावला.

"रेडिओ घरी हाय माझ्या," व्यापारी म्हणाले. "गाडीत बसून गानी कवा ऐकायची?"

पिवळे दिवे लावले.

"दिवं चांगलं हायेत. पर धुक्यात म्या घराभाईर पडत न्हाई."

मग ते गार्डपाशी उकिडवे बसले आणि कांदा चाचपावा तसा खालून हात फिरवला. "हितं तर वेल्डिंग मारलंय. गार्ड बोल्टानं बसिवत्यात, साहेब. चॅसीला वेल्डिंग कोन मारतं? गाडी ठोकलेली हाय." मग ह्यांच्या डाव्या डोळ्याकडे बघत म्हणाले, "तुमचा डोळा बी त्यातच गेला असंल. ठोकलेली गाडी मला नगं."

हे भडकले. आयुष्यात ह्यांच्या कामाला कोणी असं नाव ठेवलं नव्हतं. "थांबा. गार्ड काढूनच दाखवतो. चॅसीला साधा पोचा निघाला तर गाडी फुकट न्या."

वीज नाही म्हणजे ग्राइंडर नाही. ह्यांनी छिन्नी-हातोडा घेतला, जमिनीवर पोतं टाकलं.

"उद्या काढा ना," मी म्हटलं. "उद्या माणसं येतील कामावर."

"उद्या मला येळ न्हाई, वहिनी," व्यापारी म्हणाले. "आज जमलं तर ठीक, न्हाई तर दुसरी गाडी बघून ठिवलीया."

हे गाडीखाली शिरले. पहिला घाव बसला आणि माझ्याच डोक्यात कळ गेली. डॉक्टरांचं बोलणं कानात घुमत होतं. ओरडावंसं वाटत होतं, पण व्यापारी हातभर अंतरावर उभे. बोलले तर गाडी जात नाही, गाडी गेली नाही तर ऑपरेशन नाही. आणि गप्प राहिले तर हा हातोडा. मी खाली वाकून म्हटलं, "द्या इकडे, मी मारते घाव."

"पोळ्या लाटायच्या आहेत का?" आतून हसणं आलं. मला असा राग आला की रडू फुटलं. व्यापारी माझ्याकडे नवलाने बघत होते. मी पदराने धूळ पुसल्यासारखं केलं. हातोडा थांबायचा, मी श्वास सोडायची, आणि तो पुन्हा सुरू व्हायचा.

अखेर गार्ड धाडकन खाली पडला. हे सरपटत बाहेर आले, चेहरा धुळीने भरलेला. "बघा आता."

व्यापाऱ्यांनी वाकून बघितलं, बोट फिरवलं. "सरळ हाय की. साहेब, गाडीचं पैसं देतो. वरच्या सामानाचं काय न्हाई देनार."

"चालेल," हे म्हणाले.

रद्दीवाल्याशीही हुज्जत घालणारा हा माणूस. मी चमकून बघितलं. व्यापारी बंडीच्या आतून पुडकं काढून नोटा मोजू लागले होते. ह्यांनी चाचपडत माझं कोपर धरलं आणि अगदी हळू विचारलं, "अंधारून आलंय का गं?"

दुपारचं ऊन होतं. गाडीच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता.

"हो," मी म्हटलं, "आभाळ आलंय."

व्यापारी मोजता मोजता थांबले आणि वर बघू लागले.