गप्प सशाचं म्हणणं

आमच्या आत्याला गल्लीत कोणी नावाने हाक मारत नाही. कपडे टाकायला येणारे तिला इस्त्रीवाल्या बाई म्हणतात, आणि ज्यांच्या घरी ससा आहे ते सगळे, अगदी तिच्याहून वयाने मोठे असलेलेही, नुसतं आत्या म्हणतात. सख्खी भाची मी एकटीच, पण हक्क सांगणारे चिक्कार. पूर्वी मला याचा राग यायचा. आता मी कुणाही अनोळखी माणसाला थांबवून सांगते, की ती माझी आत्या आहे.

दुकान म्हणजे एकच खोली. पुढे इस्त्रीचं टेबल, भिंतीशी कपड्यांची गाठोडी आणि मागच्या बाजूला जाळीचे तीन मोठे पिंजरे. लोक परगावी जाताना ससे तिच्याकडे ठेवून जातात. पिंजऱ्यात ती जुनी पांढरी चादर अंथरते, तीसुद्धा कडक इस्त्री केलेली.

मी एकदा चिडवलं, "सशांना सुरकुती चालत नाही वाटतं?"

"त्यांना चालते गं. मला सपाट पांढऱ्यावर नीट दिसतं."

काय दिसतं, तर लेंड्या. सकाळी इस्त्री तापेपर्यंत आत्या चादरी वाचते. वाटाण्याएवढ्या, गोल, भरपूर लेंड्या असल्या की स्वारी खूश. बारीक झाल्या की तिच्या कपाळाला आठी पडते.

हे तिला कुणी शिकवलं नाही. तिचा पहिला ससा कापशा. अंगाला हात लावू द्यायचा नाही, उचललं की लाथा झाडायचा. एके दिवशी मात्र तो दिवसभर तिच्या मांडीवर बसून राहिला. कान मागे चिकटवलेले, डोळे अर्धे मिटलेले, दात करकर वाजवत. येईल त्या गिऱ्हाइकाला आत्या कौतुकाने सांगत होती, बघा, अखेर माया लागली याला. संध्याकाळी तो मांडीवरच गेला. पोट बंद पडलं होतं, दुखत होतं म्हणून हलत नव्हता, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. "मी मिरवत होते आणि तो मरत होता," असं आत्या म्हणते. आठ वर्षं झाली, पण हे वाक्य बोलताना ती अजूनही मान वर करत नाही.

तेव्हापासून तिने सशांकडे बघायचा ध्यासच घेतला. मागचा पाय दाणकन आपटला की भीती. पाठ फिरवून जाताना मागचे पाय झटकले की रुसवा. धावता धावता उडी मारून हवेतच अंग पिळलं की आनंद पोटात मावत नाहीये. माझ्या मनात काय चाललंय हे तिला कधी कळलं नाही, पण सशाचं कळतं.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. तिथले एक प्राध्यापक चार दिवस बाहेरगावी जाणार होते आणि त्यांच्या सशाची सोय मीच आत्याकडे लावून दिली. सर एकटे राहतात. घरात ते आणि तो ससा. नाव मौनी. "सहा वर्षांत कधी त्रास नाही," त्याला दुकानात सोडायला आले तेव्हा सर अभिमानाने म्हणाले. "तासन् तास मांडीवर बसतो. दात वाजवतो ना, तेव्हा तर फारच खुशीत असतो." आत्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पिंजरा उघडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा द्यायला गेले, तर इस्त्री थंडच होती. आत्या पिंजऱ्यासमोर बसली होती. चादरीवर मोजून चार लेंड्या, त्याही मिरीएवढ्या. गवत जसंच्या तसं. मौनी कोपऱ्यात अंग आखडून बसला होता.

"कान लाव," आत्या म्हणाली. मी वाकले. करकर ऐकू आली.

"खूश असला तर दात हळू कुटकुटतात, हात ठेवला तरच जाणवतं. हे लांबून ऐकू येतंय. याला दुखतंय."

मी सरांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. सर हसले. "अहो, तो तसाच आहे. जागा बदलली म्हणून रुसला असेल. उगाच सुया टोचू नका, घाबरट जीव आहे. मी येईपर्यंत थांबा."

फोन ठेवल्यावर मी आत्याला म्हटलं, "सर नको म्हणाले ना? मग नको. उद्या काही झालं तर तुझ्या दुकानाचं नाव जाईल आणि मला रोज त्यांच्यासमोर बसायचंय."

हे मी बोलले, हे मला मान्य आहे. माझी तेव्हा तेवढीच धाव होती.

आत्या टोपलीत टॉवेल घालत होती. "तुझे सर शिकलेले आहेत. पण तो आत्ता त्यांना काही सांगत नाहीये, मला सांगतोय. एकदा ऐकलं नाही मी. पुन्हा नाही जमायचं." तिने मौनीला उचललं, शटर ओढलं आणि निघाली. मी मागोमाग.

दवाखान्यात मदतनीस म्हणाला, "शांत तर दिसतोय. दुपारनंतर आणा."

"शांत नाहीये तो, सहन करतोय," आत्या म्हणाली आणि टोपली घेऊन दारातच उभी राहिली. डॉक्टरांनी तिला ओळखलं आणि आत घेतलं. पोटाला नळी लावून ते बराच वेळ ऐकत राहिले. आत काहीच आवाज नव्हता. अंगही गार पडत चाललं होतं. दुखणं थांबवायचं इंजेक्शन, कातडीखाली पाणी, आतडं चालू करायचं औषध, सगळं भराभर झालं. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर माझ्या हातात काही उरलं नसतं," डॉक्टर म्हणाले. आत्याने फक्त डोळे पुसले.

त्या दिवशी आणि रात्रभर ती त्याला दर दोन तासांनी पातळ खाणं पिचकारीने भरवत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "अठ्ठावीस," एवढंच म्हणाली. मी ऑफिसात खुर्चीवरून उठून उभी राहिले. लेंड्यांच्या बातमीने रडू येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

झालेलं सगळं मी सरांना फोनवर कळवलं होतं. सर आले ते थेट स्टेशनवरून, हातात बॅग. आल्या आल्या त्यांनी मौनीला उचलून छातीशी धरलं. मौनी दगडासारखा गप्प. सर म्हणाले, "बाई, सहा वर्षं मला वाटत होतं, मला त्याचं सगळं कळतं." मग त्यांनी विचारलं, "आत्ता काय म्हणतोय तो?"

आत्याने बघितलं. "खाली ठेवा, म्हणतोय."

त्यांनी ठेवलं. मौनीने पाठ फिरवली, पाय झटकले आणि टेबलाखाली गेला. सरांचा चेहरा उतरला.

"असे उंचावरून नका बोलावू. खाली या. आणि हात पुढे करू नका, त्याला येऊ दे."

वर्गात ज्यांच्यासमोर पोरं चळाचळा कापतात ते आमचे सर कोट काढून इस्त्रीच्या दुकानातल्या फरशीवर पालथे पडले. हनुवटी फरशीला, हात अंगाजवळ. आत्या कपडे पाणी मारून ठेवत राहिली. बऱ्याच वेळाने मौनी बाहेर आला. त्याने सरांचा कान हुंगला, गालाला नाक लावलं आणि त्यांच्या तोंडासमोर धप्पकन कुशीवर पडला, चारही पाय पसरून.

"मेला की काय?" सर न हलता कुजबुजले.

"नाही. विश्वास टाकलाय तुमच्यावर. पहिल्यांदाच असेल."

सरांच्या डोळ्यांतलं पाणी फरशीवर पडत होतं आणि ते पुसायला हात हलवायची त्यांची हिंमत नव्हती.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक शर्टांची पिशवी घेऊन दारात आलं आणि थबकलं. "यांना काय झालं?"

"काही नाही," आत्या म्हणाली. "शिकतायत. पिशवी तिकडे ठेवा, आवाज करू नका."