दाढदुखीवर हसलेली पंगत

सत्तरच्या दशकात हिंगणघाटला आमच्या घरी दर आठवड्याला रेडिओवरची एक वऱ्हाडी श्रुतिका ऐकली जायची. तिच्यात जावयाकडे मुक्काम ठोकून बसलेला एक सासरा होता. काम सांगितलं की त्याचं काही ना काही दुखायला लागायचं. बाबा कापड मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम होते. श्रुतिका चुकू नये म्हणून ते पाळी बदलून घ्यायचे. जेवताना आत्या त्या सासऱ्यासारखी कण्हायची आणि आम्ही भावंडं ठसका लागेपर्यंत हसायचो.

एका गणपतीत मिलच्या मंडळाने त्या सासऱ्याचं काम करणाऱ्या नटालाच बोलावलं. कार्यक्रमाआधीचं जेवण आमच्याकडे, हे बाबांनी सगळ्यांशी भांडून ठरवलं होतं. आईने डाळीचे गोळे घालून गोळाभात केला. शेजारीपाजारीही येऊन बसले.

आला तो एक बारीक, गप्प माणूस. मला वाटलं, हा दुसराच कुणीतरी. त्याने भाताला हात लावला नाही. बाबांनी आग्रह केला, तेव्हा तो म्हणाला, "माही दाढ दुखून राह्यली जी. मले काही खाववत नाई."

आवाज थेट रेडिओतला. अख्खी पंगत हसली. तो म्हणाला, खरंच सांगतो. त्यावर आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी ती हसली. बाबा मांडीवर थापा मारत होते. मीही हसले, पण त्याचा एक गाल दुसऱ्यापेक्षा मोठा दिसत होता, आणि ते सोंग आहे की काय, मला कळेना.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याचं ताट उचललं आणि लवंग व वाटीभर ताकभात आणून ठेवला. त्याने मान खाली घालून तो खाल्ला. नंतर मंडपात तो अर्ध्या तोंडाने बोलला. लोक म्हणाले, असा रंगला तो कधीच नव्हता.

घरी परतताना बाबांनी आईला विचारलं, तू का हसली नाहीस.

"गाल सुजला होता जी त्यायचा. तुमाले दिसला नाई?"

बाबा चालता चालता थांबले. मग म्हणाले, "मले वाटलं, तो आपल्यासाठीच करून राह्यला."

त्यांचा आवाज इतका पडला होता, की मला त्या नटापेक्षा बाबांचीच दया आली. चूक कुणाची होती? बाबांचा तर त्या माणसावर जीव होता. पुढच्या आठवड्यात श्रुतिका लागली तेव्हा आम्ही हसण्याआधी आईकडे बघत होतो. ती भाजी निवडता निवडता खुदकन हसली. मग तर माझा गोंधळ आणखी वाढला.

ऐंशीचं दशक संपता संपता मी टीव्हीसाठी विनोदी मालिका लिहायला लागले. माझी पात्रं खरं बोलतात आणि घरचे त्यांना हसतात. तालमीत एका नटाने विचारलं, "बाई, या वाक्याला प्रेक्षकांनी हसायचं, की वाईट वाटून घ्यायचं?"

मी म्हटलं, तुम्ही फक्त ते खरं समजून बोला. त्याचं समाधान झालं नाही. खरं तर माझंही झालं नव्हतं, पण प्रसंग मी तसाच ठेवला.