शून्याला मी नापास समजलो

नववीत नापास झालो, शाळा सोडली आणि चंद्रपूरकडून थेट लालबागला आलो. जुने फोटो, व्हिडिओ उतरवून देणारं एक दुकान होतं. मालकांनी दाखलासुद्धा न विचारता ठेवून घेतलं, कॉम्प्युटरवर बसवलं. मोबाइलवर बघून बघून मी प्रोग्राम लिहायला शिकलो. ते उपकार विसरता आले असते तर बरं झालं असतं.

व्हिडिओ लहान करायचा आणि तो नीट झाला की मूळ मोठी फाइल पुसायची, असा एक प्रोग्राम मी लिहिला. लहान करायच्या कामाला तो दुसरा, तयार प्रोग्राम सुरू करायचा. तयार प्रोग्राम काम संपवून बाहेर पडताना एक आकडा देऊन जातो. शून्य म्हणजे काम नीट झालं. दुसरा कुठलाही आकडा म्हणजे बिघडलं. मी उलटं धरलं. शून्य म्हणजे काय, हे मला प्रगतिपुस्तकानं शिकवलं होतं ना! म्हणून लिहिलं: शून्य आलं तर मूळ फाइल ठेव, एक आला तर पुसून टाक.

कित्येक महिने कुणाला कळलं नाही. लहान व्हिडिओ नीट निघत होते. पुसायच्या मूळ फायली मात्र साचत गेल्या. शेवटी डिस्क भरली, नेमकी बीडीडी चाळीतल्या एका मावशींचं काम चालू असताना. त्यांचे यजमान वारले होते. गणपतीत यजमानांनी म्हटलेल्या भजनांचे व्हिडिओ मावशींच्या फोनवरून मी उतरवून घेतले होते. जागाच नाही, तर लहान व्हिडिओ होणार कसा? तयार प्रोग्रामनं खरं ते सांगितलं: एक. माझ्या प्रोग्रामनं भजनं पुसली. दोन दिवसांनी मला कळलं, तोवर त्यांवर दुसऱ्या फायली चढल्या होत्या. फोन पुन्हा लावला, तर तो चालूच होईना.

मालकांना सगळं सांगितलं.

"गप बस. फोनच खराब होता म्हणायचं. तुला काढला तर जाशील कुठे रे?"

मावशी आल्या. मालक बोलले, मी मान हलवली.

"माझ्याच हातसून पाण्यात पडललो तो," मावशी म्हणाल्या. "माझाच चुकला." मग माझ्याकडे बघून, "तू कित्याक तोंड पाडतस रे झिला? इतको खपलस माझ्यासाठी." त्यांनी पिशवीतून खाज्याचा पुडा काढला. मालकांनी डोळ्यांनीच 'घे' म्हटलं. मी घेतला.

प्रोग्राममधली ती ओळ त्याच संध्याकाळी दुरुस्त केली. मालक अजून गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगतात, "शिकलेला नाय, पण पोरगं हुशार आहे." मी हसतो. मावशींची चाळ पाडायला घेतली आहे. त्या कुठे राहायला गेल्या, मी विचारलेलं नाही.