फोमच्या विमानातली घड्याळं

कुरियरवाल्यानं तेलगावच्या चौकात खोका माझ्या हातात दिला, तेव्हा तो एवढा मोठा आणि एवढा हलका होता की आत काहीच नसावं असं वाटून मी तो हलवून पाहिला. मी बीडहून एसटीनं माहेरी निघाले होते. दादानं फोनवर सांगितलं होतं, "येताना माझं एक पार्सल हाय, तेवढं घेऊन ये. पण दाबू नको त्याला." काय आहे ते मात्र सांगितलं नव्हतं.

माहेर म्हणजे आता दादा आणि वहिनी, एवढंच. दादा माझ्याहून बराच मोठा. मी शाळेत जायला लागले तेव्हा तो हवाई दलात भरती होऊन गेलेला. वैमानिक म्हणून नव्हे. तो विमानातली घड्याळं दुरुस्त करायचा. घड्याळं हा त्याचाच शब्द. उंची दाखवणारं, वेग दाखवणारं, इंजिनाची गरमी दाखवणारं, सगळ्यांना तो घड्याळच म्हणायचा. सुट्टीवर आला की सारवलेल्या अंगणात खडूनं गोल काढायचा, त्यात काटे काढायचा, आणि मला पाटावर बसवून हातात लाटणं द्यायचा. मग मागं उभा राहून विचारायचा, "उंची किती?"

"लई," मी म्हणायची.

"आन् पेट्रोल?"

"लई."

"मग जाऊ दे वर," तो म्हणायचा, आणि मी डोळे मिटून लाटणं मागं ओढायची. चित्र काढायची ओढ मला त्या खडूच्या गोलांनी लावली असं मला अजून वाटतं. पुढं मी गेवराईकडच्या एका शाळेत चित्रकलाच शिकवली, निवृत्त होईपर्यंत.

तर खोका उघडला. आत पांढऱ्या फोमचं विमान निघालं, पंख वेगळे, धड वेगळं. रिमोटवर उडणारं, दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या घाटाचं. पाठीवर हिरव्या-तपकिरी रंगाचे पट्टे, लांबलचक नाक, पुढं पंखा. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"या वयात खेळणं मागवलं व्हय?" त्या म्हणाल्या.

"खेळणं न्हाई. इमान हाय," दादा म्हणाला. वहिनींना चिडवायला तो मुद्दाम त्यांच्यासारखं 'इमान' म्हणायचा.

मी विचारलं, तू तर जेटवर काम केलंस, मग हे पंख्याचं कशाला? तो म्हणाला, "जेट आपल्या वावरात उतरत नसतं, बाई." पण खरं कारण नंतर कळलं. त्याच्या पहिल्या नेमणुकीच्या जागी दरवाज्याजवळ असं एक जुनं विमान शोभेला उभं केलेलं होतं. ते पुसायचं काम नव्या पोरांकडं असायचं. पुसता पुसता तो त्यात बसायचा. आयुष्यात पहिल्यांदा ज्या कॉकपिटमध्ये तो बसला ते हे.

म्हणूनच फोमच्या विमानाची काच उचलून आत पाहिल्यावर त्याचं तोंड उतरलं. आत काही नव्हतं. काळा रंग फासलेला एक खड्डा, त्यात एक कागदी चिकटपट्टी, त्यावर छापलेले चार धूसर गोल, आणि छातीपासून वरचा एक गुलाबी बाहुला. त्याला हातही नव्हते.

"हे काय हाय?" दादा म्हणाला. चहा झाला, वहिनी आत गेल्या, तेव्हा म्हणाला, "तुला जमंल का गं, आतलं करायला? माझा हात आता स्थिर राहत न्हाई. डोळ्याचंही तसंच."

मला त्यानं लहानपणापासून खूप काही दिलं होतं, पण मागितलेलं मला हे पहिलंच आठवतं.

त्या हिवाळ्यात मी बीडहून वरचेवर येत राहिले. ओसरीवर उन्हात टेबल मांडायचो. मी करायची, तो सांगायचा. घड्याळांच्या पाटीसाठी मी आधी जाड पुठ्ठ्यावर मोठं चित्र काढलं, ते बीडच्या झेरॉक्सच्या दुकानातून लहान करून आणलं, त्यातले गोल कापून काढले, आणि मग प्रत्येक गोलावर पारदर्शक डिंकाचा एकेक थेंब सोडला. थेंब वाळला की काच बसवल्यासारखा दिसायचा. दादानं पहिला वाळलेला गोल बोटाच्या टोकावर घेतला आणि उजेडाकडं धरला. "हा बघ, काटा शून्यावर हाय," तो म्हणाला. "उभ्या विमानात शून्यावरच पाहिजे. तू शहाणी हायेस."

आतल्या भिंतींना राखाडी हिरवा रंग हवा होता. दुकानातला स्प्रे घेऊन आले, पण आधी फोमच्या एका तुकड्यावर मारून पाहिला. तुकडा आमच्या डोळ्यांसमोर आक्रसत गेला, भाजलेल्या पापडासारखा. वहिनी हसू लागल्या. दादा हसला नाही. त्यानं तो स्प्रेचा डबा उचलून थेट गोठ्यात नेऊन ठेवला, विमानापासून जेवढा लांब जाईल तेवढा. मग मी माझे शाळेतले पाण्यात कालवायचे रंग काढले. हिरवा त्याच्या मनासारखा होईना. "अजून मळका," तो म्हणायचा. "अजून." शेवटी मी ब्रश धुतलेलं पाणीच त्यात ओतलं, तेव्हा तो म्हणाला, "आता कसं! हाच."

आसन गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाच्या प्लॅस्टिकचं केलं. वैमानिकाच्या हातातला दांडा तारेचा. त्याच्या वरच्या टोकाला कडं होतं, ते वहिनींच्या तुटलेल्या जोडव्याचं. आसनाच्या पट्ट्यांसाठी त्यांनी स्वतःच परकराची नाडी आणून दिली आणि चहाच्या पाण्यात बुडवून तिला जुना रंगही दिला. तोवर त्यांचं 'या वयात' म्हणणं बंद झालं होतं. उलट दुपारी मी पाठ टेकली की त्याच येऊन विचारायच्या, "आता काय राहिलं त्याचं?"

राहिला होता वैमानिक. तिथं मात्र दादा अडून बसला.

"माणूस नको. रिकामंच ठेव."

"आन् मग उडवणार कोण?" वहिनी म्हणाल्या. "बिनमाणसाचं इमान कधी उडलं का?"

"मी उडवणार, खालून."

मी विचारलं, "पण कावून नको, दादा?"

त्यानं चष्मा काढला, लुंगीला पुसला. "आमी कॉकपिटमधी जायचो तवा ते रिकामंच असायचं," तो म्हणाला. "विमान उतरलं की पायलट शिडीवरून खाली यायचा, आन् मी वर चढायचो. घड्याळं तपासायला. बसलो की सीट कोमट लागायची. थोडा वेळ. मी कधी वर गेलतो का? न्हाई. पण वर जाऊन आलेल्या सीटवर मात्र रोज बसलो."

एवढ्या वर्षांत हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या बोलण्यात खंत होती का, मी शोधत होते; मला ती सापडली नाही. ज्या कामात माणूस सुखी होता त्या कामाबद्दल बोलताना आवाज जसा होतो, तसा त्याचा आवाज झाला होता. वहिनी मात्र उठून आत गेल्या आणि बराच वेळ भांडी वाजवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच म्हणाला, "कर माणूस. पण मान सरळ ठेवू नको. या विमानाचं नाक लांब असतं, समोरचं दिसत न्हाई. जमिनीवर असताना पायलट मान काढून बाजूनं बघतो." म्हणून मी फोमच्या तुकड्यातून एक माणूस कोरला, पूर्ण, पायांसकट, आणि त्याची मान डावीकडं वळवली. चेहरा गव्हाळ केला. मिशा वहिनींनी सांगितल्या म्हणून काढल्या.

कापसाची शेवटची वेचणी चालू होती, तेव्हा एका सकाळी आम्ही विमान उडवायला नेलं. शेजारच्याचं सोयाबीनचं रान मोकळं पडलं होतं. मला ते उडवावं असंच वाटत नव्हतं. एवढं केलेलं मातीत जाईल, काचेच्या कपाटात ठेवू, असं मी वाटेत दोनदा म्हणाले. दादा म्हणाला, "कपाटात ठेवायला मी ते मागवलंय का?" आतलं सगळं बसवल्यावर वजनाचा तोल बदलला होता. तो त्यानं पंखाखाली दोन बोटं लावून पाहिला, आतली बॅटरी थोडी पुढं सरकवली, परत पाहिला. मग माझ्याकडं बघून मान हलवली.

मी ते हातातून सोडलं. ते आधी खाली झुकलं आणि मग उचललं. कापसावरून गेलं, उसाच्या फडावर वळलं. दादाला लांबचं नीट दिसत नव्हतं, म्हणून मी शेजारी उभी राहून सांगत होते, "आता डावीकडं. आता आपल्याकडं येतंय." तिसऱ्या का चौथ्या वळणावर काहीतरी चमकलं आणि खाली गेलं.

"काय पडलं?"

"काच."

मला वाटलं तो घाबरेल. तो म्हणाला, "मग आता चेहरा दिसंल," आणि विमान खाली आणून आमच्या डोक्यावरून नेलं. उघड्या कॉकपिटमध्ये तो मिशीवाला माणूस मान वळवून खाली बघत गेला. अगदी आमच्याकडं. दादा एवढ्या मोठ्यानं हसला की कापूस वेचणाऱ्या बाया उभ्या राहून बघू लागल्या.

उतरताना चाक ढेकळात अडकलं, विमान नाकावर पडलं, पंखा मोडला. आम्ही धावलो, म्हणजे मी धावले, तो मागून चालत आला. आतलं सगळं जागच्या जागी होतं. काच शोधायला कापसात शिरलो, तर वेचणाऱ्यांतली एक म्हातारी बाई कमरेला बांधलेल्या ओट्यातून ती काढून पुढं करत म्हणाली, "ही बाटली तुमची का?" मग तिनं विमान हातात घेतलं, आत डोकावली आणि कितीतरी वेळ बघतच राहिली.

"एवढं बारीक कावून केलं?" तिनं विचारलं. "वर गेल्यावर कुणाला दिसतंय?"

"आत बसलेल्याला दिसतंय की, मावशी," दादा म्हणाला.

तिनं हे पटल्यासारखी मान डोलावली आणि पुन्हा वेचायला गेली.

नवा पंखा आला. काच आम्ही चिकटपट्टीनं बसवू लागलो. त्यानंतरही उन्हाळा लागेपर्यंत ते विमान पुष्कळ उडलं. पुढच्या पावसाळ्यात दादाच्या डोळ्याचं फारच वाढलं आणि त्यांच्या मुलानं दोघांना आपल्याकडं पुण्याला नेलं. जाताना विमान दादानं माझ्या घरी पोचवलं. मला ते उडवता येत नाही.

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "दाखव जरा." मी काच काढली, फोन आत धरला. तिकडून तो फोन अगदी डोळ्याशी नेऊन, डोळे बारीक करून वाचू लागला, "उंची. वेग. ऑईल." मग थांबला. "बाई, खालचं होकायंत्र तिरकं झालंय बघ."

झालं होतं खरंच, डिंक सुटला होता. मी चिमटा आणला. तो म्हणाला, "फोन ठेवू नको, मी बघतो." मग मी ते सरळ केलं आणि डिंक वाळेपर्यंत दाबून धरलं. तोवर तो तिकडून वहिनींना हाक मारत होता, की या, बघा, तुमचं इमान.