हवेच्या मशीनला टोपडं

चहा घ्या आधी, मग सांगतो. आणि एक अट आहे. हसायचं नाही! अगदीच हसू आलं तर तोंड तिकडं फिरवून हसायचं. कारण ही गोष्ट आठवली की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. चूक कुणाची, ते शेवटी तुम्हीच ठरवा. मधे बोलायचं नाही.

तर आमची सारिका पहिल्या बाळंतपणाला कुंडलला आली. मुलगा झाला. नातू! आता तुम्ही म्हणाल, नातू सगळ्यांनाच होतात. व्हय, होतात. पण माझं सगळं आयुष्य फौजेत गेलं. पोरांचं लहानपण मी सुट्टीत बघितलं, तेही तुकड्या-तुकड्यानं. सारिका चालायला लागली तेव्हा मी सरहद्दीवर होतो. रिटायर होऊन घरी आलो तेव्हा ती मला ‘तुमी चहा घेणार का’ असं विचारायला लागली होती, पाहुण्याला विचारतात तसं! म्हणून ह्या गड्याला मी सोडणार नव्हतो. चांगले तीन महिने ठेवून घ्यायचं ठरवलं होतं.

त्याच्या डोक्यावर हात ठेवून मी बिडी सोडली. जाहीर! सगळ्यांसमोर! आमच्या मंडळींच्या, शालनच्या, डोळ्यांत पाणी आलं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं, अगदी पार सोडली असं नाही. सकाळी उसाला पाणी बघायला जायचो तेव्हा एक आणि संध्याकाळी एक. पण घरात नाही हां! रानात, मोकळ्यावर. वरनं लवंग चावायची. शालनचं नाक लय तिखट, पण लवंगेनं तिलासुद्धा पत्ता लागला नाही. असो, तो विषय वेगळा.

विषय आमच्या जावयाचा आहे. प्रवीणराव. राहायला लोणंद, नोकरी शेजारच्या खंडाळ्याच्या एका कंपनीत. तिथं माल तपासून पास-नापास करायचं काम. ती सवय घरी पण. बाळ बघायला आले आणि दारातच उभं राहून हवा हुंगायला लागले. आमच्या शेजारी आप्पाचं गुऱ्हाळ आहे, सिझन चालू होता.

“मामा, हा धूर रोज असतो?”

“धूर कुठला? गुळाचा वास हाय त्यो.”

“बाळाला त्रास होईल.”

“तुमची बायको ह्याच वासात वाढली. काय झालं तिला?”

मला वाटलं, जिंकलो. पुढच्या खेपेला बघतो तर हातात खोकं! त्यातनं कळशीएवढं गोल, पांढरं काहीतरी काढलं. म्हणे, हवा साफ करायचं मशीन. लहान खोलीसाठी. बाळंतिणीच्या खोलीत ठेवलं, बटण दाबलं.

“निळा दिवा म्हणजे हवा चांगली. लाल म्हणजे खराब. ह्याला कुणी हात लावायचा नाही.”

माझ्या घरात, मला ऑर्डर! आणि कुंडलची हवा साफ करायची? कंपनीच्या चार भिंतींत दिवस काढणाऱ्या माणसानं मला हवा शिकवायची? पण जावई पडले. नुसते दात-ओठ खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानातनं आलो, हातपाय धुतले, पाळण्यापाशी बसलो. वाकून बाळाला म्हटलं, “काय रं जवान?” आणि मागनं सारिका ओरडली, “आबा, लाल झालं!”

बघतो तर दिवा लालभडक. पंखा घुर्रर्र करत सुटलेला. सारिकानं लगेच फोटो काढून नवऱ्याला पाठवला. संध्याकाळी मी बाळापाशी बसलोय, पुन्हा लाल. पुन्हा फोटो. रोजच व्हायला लागलं हे. मी बाळ घ्यावं आणि त्या डबड्यानं डोळे वटारावेत!

मग आला फोन.

“मामा, रोज दोनदा लाल होतंय. हे बरं नाही. मी रविवारी गाडी घेऊन येतो. दोघांना लोणंदला नेतो.”

“लोणंदात काय हिमालय हाय व्हय?”

“मामा, बाळाच्या छातीचा प्रश्न आहे.”

फोन ठेवला आणि खिडकीतनं बाहेर बघितलं. समोर आप्पाच्या गुऱ्हाळाचं धुराडं. काळा धूर, मस्तपैकी वर चाललेला. म्हणजे हा! हा माझा नातू लोणंदला धाडतोय!

आप्पा म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. सारिका बाळंत झाली तेव्हा पहिली काकवीची बरणी त्यानंच आणून दिली होती. पण माझं डोकं एकदा फिरलं की फिरलं. तसाच तरातरा गेलो.

“आप्पा, इझव ते चुलवाण!”

“काय झालं रं सुभेदार?”

“तुझ्या धुरापायी माझा नातू निघाला लोणंदला!”

“आरं, रसाची काहील उतरायला आलीया. जरा दम धर. आता जाळ काढला तर गूळ बसायचा न्हाई.”

“नातू मोठा का गूळ मोठा?”

पुढं मी जे बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही. ऊस घेऊन आलेली माणसं ट्रॅक्टरवर बसून ऐकत होती. आप्पा चुलवाणाशी बसलेल्या गड्याला म्हणाला, “काढ रं जाळ.” मग माझ्याकडं वळला. “घे. बंद केलं. जोवर तुझा त्यो दिवा निळा हुईत न्हाई, तोवर गुऱ्हाळ बंद. आता जाऊन बघत बस.”

मला वाईट वाटलं का? तेव्हा नाही वाटलं. तेव्हा डोकं नुसतं रसरसत होतं. ते थंड करायला उसाच्या कडंला जरा थांबलो. एक ओढली. लवंग टाकली. आणि मग विजयी वीरासारखा घरी येऊन पाळण्यापाशी बसलो.

दिवा लाल!

आता मला सांगा, धुराडं बंद, चुलवाण गार, आणि दिवा लाल! ह्याचा अर्थ काय? कुणीही शहाणा माणूस काय म्हणेल? मशीन खोटं आहे! जावयानं आणलेलं मशीनच खोटं आहे! मला एवढा आनंद झाला की विचारू नका. लगेच शर्ट बदलला आणि सांगलीची एसटी धरली.

दुकानदार चष्मेवाला, शांत माणूस. सगळी लहान मशीनं ओळीनं मांडली.

“खोली केवढी आहे?”

“दहा बाय दहा.”

“मग ह्यातलं घ्या. हे आवाज कमी करतं. हे हवा लवकर साफ करतं, पण जरा घुरघुरतं. ह्याचा फिल्टर बरेच दिवस चालतो. ह्याचा सेन्सर फार चांगला आहे.”

“ते ऱ्हाऊ दे. खरं बोलणारं कुठलं?”

“म्हणजे?”

“म्हणजे उगंच लाल होत न्हाई असलं.”

“काका, हवा खराब असली की सगळीच लाल होतात.”

“माझी हवा खराब न्हाई!”

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं माझ्याकडं बघायला लागली. कुणाच्या बापाची भीती आहे का मला? मी त्यातलं चौकोनी उचललं. का? तर त्याचा निळा दिवा सगळ्यांत जास्त निळा होता. अहो, हसू नका म्हटलं ना! दोन मशीनं पारखायची तर माणूस दुसरं काय बघणार?

घरी आलो. गोल मशीनशेजारी चौकोनी मांडलं. शालननं ते चारी बाजूंनी न्याहाळलं.

“आवं, किती जाळ्या हायती ह्याला. धूळ बसंल की समदी.”

“मग शिव की कायतरी.”

आता आमच्या घरात नवी वस्तू उघडी राहत नाही. टीव्हीला झालरीचा पडदा. मिक्सरला झगा. फ्रीजच्या मुठीलासुद्धा कापडी पिशवी. बाळाच्या दुपट्याचं कापड उरलं होतं, बदकं-बदकंवालं. शालननं त्याचं झकास टोपडं शिवलं, खाली नाडी घालून आवळून बांधलं. वर दिव्यापुरतं भोक ठेवायचं मीच सांगितलं. असला बारकावा माझ्याशिवाय कुणाला सुचणार? खोलीत दोन बाळं असल्यासारखी दिसायला लागली.

सारिका म्हणाली, “आबा, ह्याला झाकायचं असतं का?”

“टीव्ही झाकतो, मिक्सर झाकतो. हे काय आभाळातनं पडलंय?”

पोरगी बाळाकडं वळली. बापाचा स्वभाव माहीत आहे तिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रानातनं येऊन पाळण्यापाशी बसलो. गोल मशीन लाल. आणि चौकोनी? निळंशार! संध्याकाळी तेच. गोल लाल, चौकोनी निळं. मी सारिकाला म्हटलं, “काढ फोटो! दोघांचा एकत्र काढ! आणि लिही खाली, कुणाचं मशीन खोटं ते बघा म्हणावं!”

जावयाचं एका ओळीचं उत्तर आलं. ‘रविवारी येतो.’

आणि आले. गाडी घेऊन, मागच्या सीटवर गादी अंथरून. ती गादी बघून मी तोंड फिरवलं. पण पुरावा माझ्याकडं होता! मी मुद्दाम रानातली चक्कर लवकर उरकून ताजातवाना होऊन बसलो होतो. एवढ्यात आप्पाही आला, न बोलावता.

“ज्या दिव्यापायी माझं चुलवाण बंद पडलं, त्यो दिवा तरी बघू दे.”

“ये, बघ! तूबी बघ!” मी सगळ्यांना खोलीत घेतलं आणि पाळण्यापाशी ताठ उभा राहिलो. “हे तुमचं. लाल. हे माझं. निळं. खोली तीच, हवा तीच. बोला आता जावईबापू!”

जावयानं बोलायच्या आधी टोपड्याकडं बघितलं. मग वाकून नाडी सोडली आणि टोपडं अलगद वर काढलं.

निळ्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं लाल. आणि असलं लाल, की जावयाचं मशीन त्याच्यापुढं फिकं पडलं! पंखा तर विमान उडाल्यासारखा.

“मामा, हवा साफ करायचं मशीन तुम्ही हवा लागू नये म्हणून बांधून ठेवलंय.”

आप्पा भिंतीला धरून हसायला लागला. मी मागं हटणाऱ्यातला नाही.

“म्हंजे दोन्ही लाल! म्हंजे धूर हायेच! आप्पाचाच!”

“आरं, माझं गुऱ्हाळ तवापास्नं बंद हाय की! धूर काय तुझ्या स्वप्नातनं येतुय?”

जावई हनुवटी खाजवत उभे. माल तपासायचं काम ना त्यांचं!

“मामा, जरा बाहेर जाता का?”

“का म्हणून?”

“जावा तर खरं.”

गेलो बाहेर सोप्यात. थोड्या वेळानं आतनं सारिका ओरडली, “निळं झालं! दोन्ही!”

“मामा, आता आत या.”

आत गेलो, पाळण्यापाशी उभा राहिलो. लाल.

“बाहेर.”

निळं.

“आत.”

लाल!

अहो, जन्मभर मी रंगरूटांना मैदानात पुढं-मागं पळवलं. आणि माझ्याच घरात, माझाच जावई माझी परेड घेत होता! आप्पा पाळण्यापाशी जाऊन उभा राहिला. निळं. शालन उभी राहिली. निळं. आमचं मोत्या कुत्रं शेपटी हलवत पाळण्याखालनं फिरून आलं, तरी निळं!

शालन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

“तोंड उघडा.”

“कशाला?”

“रोज दोन वक्ताला लवंग कशाला खाता वं?”

“रानात वढतो! घरात कवा वढली न्हाई!”

आता बघा, बिडीचं नाव तोवर कुणी काढलंच नव्हतं. तिनं लवंगेचं विचारलं होतं. शालननं शांतपणे माझ्या बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि बंडल काढून पाळण्यासमोर धरलं.

त्या वेळी पहिल्यांदा माझा राग कुठं गेला ते कळेना. नातू पाळण्यात मुठी चोखत पडला होता. एवढ्या दिवसांत त्याला उचलून घेताना दर वेळी धूर पाजला तो मीच, आणि बोंब मारली गावाच्या नावानं. बाहेर गाडीत गादी तयार होती.

जावई हळूच म्हणाले, “मग मामी, काय करायचं? गाडी तर आणलीय.”

शालननं पाळण्याला झोका दिला.

“आणलीया तर रिकामी कशाला न्हेता? पोरगं आन् बाळंतीण ऱ्हाऊ द्यात हितंच. ह्यास्नी घालून न्ह्या लोणंदला!”

नाही, नेलं नाही हो. तीन महिने नातू राहिला कुंडलातच. आप्पाच्या गुऱ्हाळावर जाऊन मी माफी मागितली. ती पण जरा रागातच मागितली, पण मागितली. त्यानं चुलवाण पेटवलं आणि चिपाडं टाकायला मलाच बसवलं.

पण घरात नियम झाला. टोपडं बाळाला, आणि चौकोनी मशीन उघडंबोडकं उंबऱ्यापाशी. मी दारात उभं राहायचं, दिवा निळा राहिला तरच आत पाऊल. लाल झाला की उलटं फिरायचं, आंघोळ करून यायचं. थंडीत! बिडी सोडली मी त्या दिवसापासून. म्हणजे, जवळजवळ सोडली.

आणि ह्या सगळ्यात जास्त राग कशाचा येतो, सांगू? जावयाचं ते गोल मशीन तसं मंद आहे. मी आत जाऊन, पाळण्यापर्यंत पोचून, नातवाला ‘काय रं जवान’ म्हणेपर्यंत त्याचा दिवा निळाच असतो. उंबऱ्यावरच धरतं ते मी सांगलीवरनं आणलेलं. दोन्हींत माझंच मशीन चांगलं निघालं!