लाल दोऱ्याच्या गाठी

श्रावण वद्य तृतीया. दुपारी डाळ निवडत होते. महिनाअखेर खानावळ बंद करायची, असं मी ठरवलं होतं. रेल्वेची वीस माणसं पैसे देऊन जेवत, तरी वाण्याचं बिल भागत नव्हतं. ‘खानावळ बंद’ असं पुठ्ठ्यावर लिहूनही ठेवलं होतं.

लोणावळ्याचं धुकं खिडकीतून आत येऊन चुलीपाशी बसलं होतं. त्यातून आधी कासंडीचा आवाज आला, मग दूधवाली. ती रोज यायची, पण तिचं नाव मी कधी विचारलं नाही. दूध मापलं की कमरेच्या पांढऱ्या दोऱ्याला ती हिशेबाची गाठ मारायची आणि गाठ निजवल्यासारखी अंगठ्याने थोपटायची. शेजारी गाठी मारलेला एक लाल दोराही लोंबायचा. त्या दिवशी मी विचारलं,

“ह्या लाल गाठी कुणाच्या गं?”

“घरच्या. ल्योक पितो त्या दुधाच्या.”

“घरच्या दुधाचा कसला हिशेब?”

ती हसली. “ल्योक प्याला म्हून म्हस फुकट चारा खाती व्हय, मावशी?”

ती धुक्यात शिरली. कासंडीचा आवाज बराच वेळ येत राहिला. डाळ सुपात तशीच पडली होती. आमची घरची पाच माणसं खानावळीच्याच पातेल्यातून जेवत होती आणि वहीत त्यांची एक ओळही नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत ‘घर’ असं नवं पान काढून पाच ताटांचा महिन्याचा खर्च मांडला. खानावळ नफ्यात निघाली. पुठ्ठा चुलीत घातला आणि यजमानांकडे पाच ताटांचे पैसे मागितले.